रॉडला लागलेला हात

पक्कडला राग यायला फार वेळ लागत नसे, पण त्या दिवशीचा राग तिने चौदा उन्हाळे खपून कमावलेला होता. पक्कड हे धक्क्यावरच्या लोकांनी ठेवलेलं नाव. तिने धरलेलं सुटत नाही म्हणून. सख्ख्या भावाची चार्टर बोट, हौशी लोकांना भाड्याने मासेमारीला नेणारी. तो सुकाणूवर, म्हणून तो कप्तान. मासा बोटीपाशी आला की गळाजवळची तार हाताला गुंडाळून त्याला ओढायचं काम हिचं. बोटीच्या माहितीपत्रकावर कप्तानाचा हसरा फोटो होता. हिचं त्यात फक्त कोपर आलं होतं.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त ठेकेदार. माणूस वाईट नव्हता, पण त्याला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"साहेब, खुर्चीचा पट्टा लावा," तिने तीनदा सांगितलं.

"लावतो हो," ते तीनदा म्हणाले.

दुपारी गळाला मार्लिन लागला, भाल्यासारख्या चोचीचा प्रचंड मासा. तो पाण्याबाहेर उसळला तेव्हा कप्तानाने सुकाणूवरूनच आरोळी ठोकली. एवढा मासा त्या किनाऱ्यावर कुणी धरलेला नव्हता. एरवी ते मासा बोटीशी आणून, फोटो काढून सोडून देत. पण विक्रम हवा तर मासा धक्क्यावरच्या वजनकाट्यावर चढवावा लागतो, आणि विक्रमाचा एक नियम धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो. गळ लागल्यावर तारेला दुसऱ्याने हात लावलेला चालतो. गळाच्या रॉडला दुसऱ्याचं बोट जरी लागलं तरी मासा बाद.

तिसऱ्या तासाला साहेब पाय मोकळे करायला उठले. माशाने नेमकी तेव्हाच मुसंडी मारली. रॉड साहेबांच्या कमरेला अडकवलेला, त्यामुळे रॉडबरोबर साहेबही कठड्यावरून अर्धे बाहेर. पक्कडने एका हाताने त्यांची पँट धरली, दुसऱ्याने रॉड, आणि दोन्ही मागे खेचून खुर्चीत आदळले.

"दादा, मी रॉडला हात लावला," ती ओरडली. "विक्रम गेला. जवळ आला की सोडून देऊ त्याला."

"काही लागला नाही हात. मी बघत होतो."

"माझा हात मला कळत नाही?"

"तू गप काम कर."

तासाभराने मासा बोटीला लागला. तिने एका हाताने तार धरली, दुसऱ्या हाताने कात्री काढली. तेवढ्यात कप्तान खाली उतरला आणि तिच्या खांद्यावरून लोखंडी आकडा त्याने माशात घातला. पाणी लाल झालं. ज्या माशाला सोडायचं त्याला आपणच दादासाठी धरून ठेवलं, या विचाराने तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

धक्क्यावर मासा काट्याला लटकला. ती बोटीत वाकून रक्त धूत होती. वर काटेवाला कागद भरत होता.

"तार कुणी धरली? त्याची सही लागेल."

"मीच," कप्तान म्हणाला.

"आणि बहीण?"

"ती आज आलीच नव्हती."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला ब्रश टाकून ती तशीच ओल्या बुटांनी वर चढली.

"आले नव्हते? मग हे रक्त कुणाच्या अंगावर आहे?"

भावाने तिला बाजूला घेतलं. "घरी बोलू. बोटीचं नाव होईल, त्यात तुझंही भलंच आहे."

"माझं नाव पुसून बोटीचं करतोस?"

साहेब इतका वेळ माशाकडे बघत उभे होते. त्यांनी काटेवाल्याच्या हातून कागद घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

"पट्टा मी लावला नव्हता," ते म्हणाले. "यांनी रॉड धरला म्हणून मी इथे उभा आहे. विक्रम नको मला."

तिला बरं वाटायला हवं होतं. उलट ती जास्तच पेटली. एका दिवसाच्या ओळखीच्या माणसाला लाज वाटली होती, आणि सख्ख्या भावाला नाही.

"झालं समाधान?" कप्तान दातओठ खात म्हणाला. "मासा फुकट गेला."

"मासा तू मारलास. मी सोड म्हणाले होते."

"बरं, पुरे. बोट धुऊन घे. पहाटे दुसरं गिऱ्हाईक आहे."

तिने हातमोजे काढून त्याच्या छातीशी धरले. त्याने ते नकळत घेतले. ती रस्त्याच्या दिशेने चालू लागली.

"अगं, चाललीस कुठे? उद्या तार कोण धरणार?"

"तूच," ती मागे न बघता म्हणाली. "आजही तूच धरलीस ना?"