चौदा नंबरचं माकड

प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि आधीच्या मंगळवारी चौदा नंबरच्या माकडानं घात केला.

संशोधक सहा वर्षं माकडांच्या विष्ठेतून डीएनए काढत होता. त्यातल्या ठरावीक खुणा जुळवायच्या, कोण कुणाचं चुलत, कोण मावस हे ठरवायचं आणि वंशवृक्ष मांडायचा. कामाबद्दल जेवताना अवाक्षर काढायचं नाही, असा बायकोचा नियम होता. तेवीस जातींपैकी बावीस आपापल्या फांदीवर गुण्यागोविंदानं नांदत होत्या. तुलनेसाठी झाडाच्या कडेला माणूस ठेवला होता. चौदा नंबर, चांगलं हातभर शेपटीचं, पानं खाणारं माकड, सगळं गणगोत सोडून त्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं.

मार्गदर्शक सर हरखले. "अरे, क्रांतिकारक शोध आहे हा!"

"सर, त्याला शेपूट आहे."

"तेच तर क्रांतिकारक!"

संशोधक कात्रीत सापडला. शोध खरा म्हणावा तर परीक्षक हसणार; खोटा म्हणावा तर उरलेल्या बावीस जणांवर तरी विश्वास कोण ठेवणार?

"चौदा नंबर ना?" नळ्या धुता धुता तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "वार्षिक अहवालातल्या फोटोत सरांच्या हातात त्याचीच नळी आहे. हातमोजे नाहीत, झाकण उघडं. चेहरा दिसावा म्हणून मास्कही काढला होता. वर नळीवर वाकून पाच मिनिटं भाषण."

संशोधक तडक सरांकडे गेला. "सर, तुलनेसाठी एक उत्तम मानवी नमुना हवाय." सरांनी लगेच आ वासला. त्यानं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली. चौदाची राखीव नळी मात्र बाईंनी स्वतः, हातमोजे घालून उघडली.

शनिवारी निकाल आले. राखीव नळीतलं माकड निमूटपणे आपल्या भाऊबंदांत जाऊन बसलं होतं. आणि जुना चौदा नंबर म्हणजे खुणेला खूण जुळणारे सर.

सर खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले.

"म्हणजे आपली पद्धत इतकी अचूक आहे," सर म्हणाले, "की तिनं मला ओळखलं!"

"हो सर."

"हे प्रबंधात घाल. नाव नको घालूस."

बाहेर येऊन त्यानं बायकोला फोन लावला.

"बसले का सगळे झाडावर?"

"बसले गं. एकूण एक."

"मग तू उतर आता."

तो तिथेच जिन्यात बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.