मुद्देमालात पडलेला सलाईनचा स्टँड

मित्रांनो, मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. एका बाजूला गंजका कोयता, दुसऱ्या बाजूला चोरीचे मोटरपंप. अशी सोबत माझ्या नशिबी येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!

माझा जन्म मलकापूरला एका वेल्डरच्या दुकानात झाला. त्याने नळी कापली, डोक्यावर दोन आकडे जोडले, पांढरा रंग मारला. तिथून मी एका सरकारी दवाखान्यात आलो आणि वर्षानुवर्षं बाटल्या धरल्या. बाटली उंच राहिली तरच औषध अंगात उतरतं, म्हणून माझा मोठा तोरा होता. माझं एक चाक अडायचं. धम्मशीला सिस्टर मला लाथ मारून सरकवायच्या, पण रोज पुसायच्याही त्याच. बोलायला फटकळ बाई, हात मात्र हलका.

दिवाळीच्या आधी सोयाबीन सोंगताना निवृत्तीला घोणस चावली. हा रोहिणखेडकडचा शेतकरी. त्याची बायको शालूबाई त्याला तडक दवाखान्यात घेऊन आली. पाय सुजून टम्म झाला होता. डॉक्टरांनी तिला बजावलं, या विषाने रक्त गोठत नाही, त्याला जराही जखम होऊ देऊ नका, पाय चोळू नका. विषावरचं औषध घातलेली बाटली माझ्या आकड्याला लागली. शालूबाई पडणाऱ्या थेंबांकडे बघत बसली. मला तिची फार दया आली.

दुपारी निवृत्तीचा धाकटा भाऊ गोकुळ जीपभर माणसं घेऊन आला. आपल्याकडे माणूस दवाखान्यात पडला की सगळी भावकी बघायला येते. माया असते, नाही म्हणत नाही. पण एकजण लगेच सुजलेला पाय चोळायला बसला, दुसरा निवृत्तीला उठवून पाणी पाजू लागला. सिस्टरनी सांगितलं, एकानेच थांबा, बाकीचे बाहेर व्हा. निवृत्तीने गोकुळला लहानाचं मोठं केलं होतं. भावाचा तो पाय बघून त्याची पाचावर धारण बसली होती, आणि ती भीती तो सिस्टरवर काढू लागला.

"माह्या भावाले पाहू देत नाई का वं तू?"

आणि त्याने मला उचललं. मला! भावाची बाटली अंगावर असताना! पहिला फटका औषधांच्या ट्रॉलीवर बसला, काचा उडाल्या. दुसरा सिस्टरच्या कपाळावर. कातडी फाटून डोळा रक्ताने भरला. वॉर्डबॉय राजकुमार आडवा आला, त्याच्या मनगटाचं हाड माझ्याखाली कडकन मोडलं. चौथा फटका दाराच्या चौकटीवर बसला आणि मी वाकलो. जीपभर माणसं पळून गेली.

नळीला हिसका बसून निवृत्तीच्या हातातली सुई फाडत निघाली होती. शालूबाईने जखम दोन्ही हातांनी दाबली, तरी बोटांमधून रक्त येतच होतं.

"भाऊजी, तुमच्या भावाचं रगत थांबून नाई राह्यलं."

गोकुळच्या हातून मी खाली पडलो. सिस्टरच्या भुवईवरचं रक्त थिजलं, निवृत्तीचं काही केल्या थिजेना. डॉक्टरांनी धावत येऊन पट्टी आवळली. सिस्टरनी एक डोळा मिटून निवृत्तीच्या दुसऱ्या हाताला सुई लावली, नवी बाटली जोडली आणि ती गोकुळच्या हातात दिली.

"स्टँड तू मोडला. आता तूच उभा राह्य. हात खाली आला तर तुह्या भावाचं औषध थांबन."

तो उभा राहिला. हात भरून आला, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने टेकू दिला. तोवर पोलीस आले. त्यांना सिस्टरनीच बोलावलं होतं. गोकुळ म्हणाला, "एवढी बाटली संपू द्या साहेब, मंग चालतो." हवालदाराने सिस्टरकडे पाहिलं. "संपू द्या," त्या म्हणाल्या. बाटली संपली, गोकुळ खाली मान घालून त्यांच्यामागे गेला.

निवृत्ती वाचला, लंगडत का होईना शेतात जातो. राजकुमारचं मनगट आता वळत नाही. सिस्टर कपाळावरचे टाके घेऊन कामावर आल्या. गोकुळवर खटला चालू आहे.

मित्रांनो, आपलं माणूस दवाखान्यात असेल तर जीप भरून जाऊ नका. एकाने जा, उशाशी बसा, आणि भीती वाटली तर रडून घ्या. रडल्याने कुणाचं डोकं फुटत नाही. माझ्या गळ्यात पोलिसांनी चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'हत्यार'. कुणीतरी ते खोडा हो. मी बाटल्या धरायचो.