घोंगड्याची मापं

बायकोचं, झुंबरबाईचं, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी कोंडिबानं तिचं घोंगडं भीमेवर नेऊन धुतलं. एकट्यानंच. तीस वर्षं हे काम तिचं होतं. ओलं घोंगडं ओढून सारखं करताना दुसरी कड धरायची, एवढंच त्याच्याकडे असायचं. आता दुसरी कड धरायला कुणी नव्हतं, म्हणून घरी आणून त्यानं एक टोक दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला बांधलं आणि ओलंच लोंबत सोडलं.

दुपारी बघतो तर घोंगडं लांबलेलं आणि कडेनं बारीक झालेलं.

"लोकर गेली नदीत," तो म्हणाला.

त्याची लेक वैष्णवी ओट्यावर वही मिटून बसली होती. ती पुण्यात फिजिक्सचं एम.एस्सी. करत होती. आईच्या आजारपणात तिची तोंडी परीक्षा हुकली. उद्याची तारीख शेवटची, आणि ती जाणार नाही म्हणत होती. कोंडिबानं दोनदा सांगून पाहिलं.

वैष्णवी उठून झाडाखाली आली. "आधी केवढं होतं, आप्पा?"

"माझ्या वितीनं बारा लांब, सहा रुंद."

"आता मोजा."

त्यानं मोजलं. लांबी चौदा विती आणि पाच बोटं. रुंदी पाच.

"बारा बोटांची वीत धरा. लांबी-रुंदीचा गुणाकार तवा बहात्तर, आताबी बहात्तरच," ती म्हणाली. "काही गेलं न्हाई."

"मग असं का झालं?"

"ओढीनं." तिनं लोंबतं टोक चाचपलं. "उंचावरून मूठभर वाळू सोडली, आन् हवा नसलीच, तर खालच्या कणांना ओढ जास्त, वरच्यांना कमी. मूठ उभी लांबते, कडेनं आवळते. पण जागा सुरवातीला तेवढीच व्यापते. ती घटते किती, त्याचा आकडा मोकळ्या जागेत शून्य. न्यूटनच्या गणितात शून्य, आइन्स्टाइनच्याही."

"शून्य म्हंजी ओढच न्हाई?"

"मी तिथंच अडते. सर विचारतात, हा आकडा शून्य, मग जागा सपाट, म्हणजे ओढ नसलेली, आहे का? मी हो म्हणून बसते." ती घोंगड्याकडे बघत राहिली. "सपाट न्हाई. उभं लांबणं आन् आडवं आवळणं मिळून शून्य येतं. ओढ हायेच. ती दाखवायला दुसरा आकडा काढावा लागतो."

"मग उद्या हेच सांग की त्यांना."

"आन् तुम्ही? भाकरी झाकून ठेवता नि सांजच्याला कुत्र्याला घालता. मला ठाऊक हाय."

"जेवीन."

"परवाबी असंच म्हणालात."

"परवा खोटं बोललो."

कोंडिबानं गाठ सोडली. घोंगडं पुन्हा भिजवलं, एक कड स्वतः धरली, दुसरी लेकीनं. दोघांनी आडवं ओढलं. ती आईच्याच जागी उभी होती.

सकाळी शेजारच्या सोपानरावांनी तिला मोटारसायकलवर केडगाव स्टेशनला सोडलं. दुपार टळल्यावर फोन आला.

"आप्पा, तेच विचारलं त्यांनी."

"मग?"

"सांगितलं. झालं. तुम्ही जेवलात?"

कोंडिबानं झाकलेल्या ताटाकडे पाहिलं.

"बसतोय," तो म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून त्यानं ताट पुढं ओढलं.