चातुर्मासात सोडलेला वाद

मित्रांनो, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका माळ्यावर धूळ खात पडलेला जुना टेपरेकॉर्डर मी. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतं ते गणपतरावांचं घर. देवघराच्या फळीखाली त्यांनी मला क्रोशाचा रुमाल घालून बसवलं आणि माझ्या कपाळालाही कुंकवाचं बोट लावलं.

गणपतराव पेन्शनर होते. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. रोज दुपारी कळंब्याहून सायकल मारत त्यांचे मित्र बाळासो यायचे. दोघांची कॅसेट निराळी. गणपतरावांची साठ सालची गाणी, बाळासोंची सत्तरची. एक गाणं याचं, एक त्याचं, आणि मधे भांडण.

"तुमचं साठ सालचं गाणं म्हंजे बिनमिठाचं पिठलं," बाळासो म्हणायचे. "सत्तरच्या गाण्यात ठसका हाय, ठसका!"

"ठसका लागला की पाणी प्यावं लेका. गाणं कशाला म्हणायचं?"

"दोघंबी गप बसा की! मला पोथी वाचू द्या," आक्का आतून ओरडायच्या. पण चहा मात्र त्याच आणून द्यायच्या. खरं सांगतो, असं सुख माझ्यासारख्या यंत्राला क्वचित मिळतं.

सत्त्याण्णव साली आषाढी एकादशीला आक्का भावाला म्हणाल्या, "चातुर्मास लागला. चार महिने कायतरी सोड. पण आवडीचं सोडायचं. नावडतं सोडून पुण्य लागत न्हाय. आणि नेम देवालाच सांग. चारचौघांत बोलला की फळत न्हाय."

गणपतराव हात जोडून बराच वेळ उभे राहिले. वांगं आठवलं असेल, गूळ आठवला असेल. मग ते हळूच म्हणाले, "देवा, बाळासोशी वाद घालायचं सोडलं."

हे देवाने ऐकलं आणि फळीखालून मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाळासो आले. "सत्तरच भारी. काय?"

"असंल."

"असंल? ताप आलाय काय तुला?"

गणपतराव नुसते हसले. पुढच्या दुपारीही तेच. बाळासोंनी साठ सालाला नाही नाही ते ऐकवलं. गणपतराव "बरं" म्हणाले आणि खाली बघत राहिले. त्यांची बोटं मांडीवर कशी वळत होती, ते मी पाहत होतो. तिसऱ्या दिवशी बाळासो चहा न घेताच उठले.

"तुझ्याशी भांडायचीबी माझी लायकी राहिली न्हाय व्हय?" आपली कॅसेट खिशात घालून ते गेले. गणपतराव दारापर्यंत धावले, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नेम होता ना!

त्यानंतर बाळासो आले नाहीत. श्रावण गेला, भादवा गेला. कोल्हापूरचा पाऊस, भिंतींना ओल. मला कुणी हात लावला नाही. रुमालाखाली मी गप्प बसून होतो आणि माझ्या पोटात, जिथे फीत घासून जाते त्या हेडवर, पांढरी बुरशी चढत होती.

कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी गणपतराव नवा सदरा घालून कळंब्याला गेले. घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, लेकानं दिवाळीतच बाळासोंना नाशिकला नेलं, आता ते तिकडंच राहणार. पत्ता तेवढा मिळाला.

आक्का म्हणाल्या, "सोडलं ते आधी दान कर, मग घे. रीत हाय तशी."

गणपतरावांनी कोरी कॅसेट आणली. माझं लाल बटण दाबलं आणि ते बोलू लागले. "बाळासो, मर्दा, नेम होता रे. बोलता येत न्हवतं. आता ऐक, सत्तर सालाचं एकेक गाणं कसं पाडतो ते..." अर्धा तास ते भांडले. मधेच हसले, मधेच डोळे पुसले. फीत माझ्या हेडवरून सरकत होती आणि तिच्यावर एक अक्षर चिकटत नव्हतं. मला ते कळत होतं. पण दुसऱ्याने भरलेलं तेवढं बोलायचं, हा आमचा जन्म.

'एकदा वाजवून बघा हो,' असं मला ओरडावंसं वाटलं. आक्काही म्हणाल्या, "ऐकून तरी बघ."

"नैवेद्य दाखवायच्या आधी चाखत्यात व्हय?" असं म्हणून गणपतरावांनी ती तशीच पुडीत बांधली आणि टपालात टाकली.

पोस्टमनची वाट त्यांनी संक्रांतीपर्यंत बघितली, मग शिमग्यापर्यंत. "रुसलाय," एवढंच म्हणायचे. तिकडे बाळासोंनी ती कॅसेट लावली असेल, कान देऊन बसले असतील. पुन्हा तीच शांतता! त्यांना काय वाटलं असेल, हे मनात आलं की आजही माझ्या चाकांना पीळ बसतो.

पुढे मोबाइल आले. गणपतरावांनी मला स्वतःच माळ्यावर चढवलं. माझ्यात काय बिघडलं होतं, ते त्यांना कधीच कळलं नाही.

मित्रांनो, घरातली वस्तू पावसाळ्यात झाकून विसरू नका. आठवड्यातून एकदा तरी ती चालवा, पुसा. आणि रुसलेल्या माणसाला काही सांगितलंत, तर त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. ते त्याच्यापर्यंत पोचलं का, एवढं आपणच पुन्हा एकदा विचारा.