हैबतीचा ताप

"सर, हैबती पुन्हा मेला!"

अण्णासाहेब वकिलांनी माउस बाजूला ढकलला आणि खुर्ची मागे सरकवली. काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत ते मराठी टायपिंग शिकायला म्हणून यायचे. पण गेल्या काही दिवसांत त्यांनी एक अर्जसुद्धा टाइप केला नव्हता.

फळ्यापाशी उभ्या असलेल्या मच्छिंद्र उढाणनं खडू खाली ठेवला. "या बारीला काय केलं तुम्ही?"

"पाठीवर घेतला त्याला. आधी एकदा सोडून गेल्तो, तर मेला. मंग जादूगारणीकडून पाला आणला, तरी मेला. आज म्हटलं, गड गेला खड्ड्यात, ह्याला उचलून नेतो. आख्खी दलदल ओलांडली, अन् पलीकडं टेकवला तर मेलेला! अहो, पर्याय तीन देता अन् निकाल एकच? मंग आम्हाला निवडायला कशाला सांगता?"

क्लासमधली पोरं हसली. अण्णासाहेब हसले नाहीत. "हसू नका. हा अन्याय हाय," ते म्हणाले, आणि कोट उचलून जिना उतरून गेले.

मच्छिंद्र पुन्हा फळ्याकडे वळला, पण काय लिहीत होतो ते त्याला चटकन आठवलं नाही.

सन दोन हजार तीनची ही गोष्ट. अंबडच्या स्टँडजवळ, एका खताच्या दुकानाच्या वर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. लग्न झालेलं नव्हतं, चाळिशी जवळ येत होती, आणि घरात तो आणि आई, झुंबरबाई, असे दोघेच. गेल्या उन्हाळ्यात परीक्षा संपून पोरं आपापल्या गावी गेली आणि क्लास ओस पडला, तेव्हा रिकाम्या दुपारी त्यानं हा खेळ लिहायला घेतला होता. 'सात दरवाजे' असं नाव दिलं होतं. बाजारात मिळणाऱ्या खेळांच्या सीड्या इंग्रजीत. पोरं नुसत्या तलवारी चालवायची, समोर लिहिलेलं कुणी वाचायचं नाही. म्हणून यानं सगळा खेळ मराठीत लिहिला. चित्रं मोजकीच, मजकूर भरपूर. खेळणारा हा एक जासूद. राक्षसांची फौज निघाली आहे, ही राजाची खबर घेऊन त्याला सात दरवाजांच्या काळदुर्गावर पोचायचं आहे. वाटेत जादूगारीण, दलदल, बोलणारी घुबडं. प्रत्येक ठिकाणी खाली दोन-तीन बटणं: हे करा, नाहीतर ते करा. जे दाबाल तशी गोष्ट पुढे वळायची.

जासुदाचा सोबती म्हणजे हैबती. एकदम बडबड्या माणूस. दलदलीत त्याला ताप भरायचा.

आधी क्लासची पोरं खेळली. मग त्यांचे मित्र आले, मग वीज मंडळातला एक वायरमन, मुलींच्या शाळेतल्या एक बाई. खाली चहाच्या टपरीवर वाद होऊ लागले. काहींचं म्हणणं, हैबतीला सोडून सरळ निघावं. खबर वेळेवर पोचते, आपण सरदार होतो, खेळ संपतो. शाळेतल्या बाईंना ते ऐकवलं नाही. "सरदार होऊन करायचं काय, सोबतीला टाकून आलेला माणूस," असं त्या भर टपरीसमोर बोलून गेल्या. वायरमन तर दलदलीच्या अलीकडे शेकोटीपाशीच थांबायचा. 'हैबतीशी बोला' हे बटण दाबायचा, हसायचा आणि खेळ तिथंच बंद करून कामावर जायचा. पुढं जात न्हाई म्हणायचा. पुढं गेलं की तो मरतो.

बेबीनंदा साळवे क्लासची सकाळची बॅच घ्यायची. खेळातलं शुद्धलेखन तिनंच तपासलं होतं. अण्णासाहेब भांडून गेले त्या दुपारी तिनं विचारलं, "सर, हैबतीला वाचवायचा रस्ता तुम्ही ठेवलाच नाही ना?"

"न्हाई."

"चुकून राहून गेला का?"

मच्छिंद्र फळा पुसू लागला. बेबीनंदा म्हणाली, "जादूगारीण पुस्तकातली वाटते, सर. राजा पण. हैबती तसा वाटत नाही. हा कुणीतरी आहे."

"माझा भाऊ हाय," मच्छिंद्र म्हणाला. "व्हता."

बद्रीनाथ त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. अंबड-जालना रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. जीप भरेपर्यंत स्टँडसमोर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करायचा. कुणी घाई केली की म्हणायचा, "जल्दी काय हाय? रस्ता कुठं पळून चाल्ला?" एका पावसाळ्यात त्याला ताप आला. साधा ताप म्हणून घरीच गोळ्या घेतल्या. मग सलाईन लावलं, मग जालना, मग औरंगाबाद. मच्छिंद्र शेवटपर्यंत सोबत होता. डॉक्टर सांगतील ते सगळं केलं. इकडे न्यावं का तिकडे, हे औषध का ते, प्रत्येक वेळी कुणीतरी त्याला विचारायचं आणि तो सांगायचा. काहीच लागू पडलं नाही.

त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. घरात बद्रीचं नाव निघत नव्हतं. झुंबरबाईंनी त्याचा फोटो पेटीत तळाशी ठेवला होता. आईला त्रास होईल म्हणून मच्छिंद्र बोलायचा नाही, आणि मच्छिंद्रला त्रास होईल म्हणून झुंबरबाई.

एका दुपारी झुंबरबाई दळण आणायला गेल्या होत्या. गिरणीवर गर्दी होती. एक बाई गिरणीवाल्याच्या मागे लागली होती, तेव्हा रांगेतला कुठला तरी कॉलेजचा पोरगा भुवया उडवून म्हणाला, "जल्दी काय हाय मावशी? रस्ता कुठं पळून चाल्ला?" आणि बाजूचे दोघं हसले.

झुंबरबाई तशाच क्लासवर आल्या. पिठाचा डबा कमरेवर, पायऱ्या चढून दम लागलेला. या जिन्यावर त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. पोरं उठून उभी राहिली.

"मच्छिंदर," त्या दारातूनच म्हणाल्या, "बद्रीचं बोलणं गावात कुणी वाटलं?"

 बेबीनंदानं पुढं होऊन त्यांच्या कमरेवरचा डबा घेतला. "आमच्या खेळातला हैबती तसं बोलतो. बसा, काकू. दाखवते तुम्हाला."

तिनं पोरांना लवकर सोडून दिलं आणि झुंबरबाईंना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. झुंबरबाई प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकलेल्या. पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचायच्या. जासूद निघाला, घुबड बोललं, राजानं खलिता दिला. त्यांनी ते सगळं भराभर पुढे ढकलायला लावलं. मग शेकोटी आली.

'हैबतीशी बोला.'

बेबीनंदानं बटण दाबलं. हैबती म्हणाला, "राजाच्या घरचं जेवण बिलकुल बेचव. मिठाला पण हुकूम लागतो का यांच्यात?"

झुंबरबाईंचं बोट ओळीच्या शेवटी थांबलं. "दाब पुन्हा."

हैबती घोड्याबद्दल बोलला. मग एका सासुरवाडीबद्दल, जी त्याला अजून मिळालेली नव्हती. झुंबरबाईंच्या गळ्यातून हुंकारासारखा आवाज आला. हसू होतं की काय ते मागे उभ्या असलेल्या मच्छिंद्रला कळलं नाही. "दाब." बेबीनंदा दाबत राहिली. शेवटी हैबती म्हणाला, "आता झोपू दे भाऊ." पुन्हा दाबलं. "आता झोपू दे भाऊ." पुन्हा तेच.

"इतकंच?" झुंबरबाईंनी वळून विचारलं.

"इतकंच लिव्हलं, आई."

"इतका थोडा बोलायचा का तो?"

मच्छिंद्रनं माउसची वायर सरळ केली.

"पुढं ताप येतो न्हाई का?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग राहू दे. पुढं न्हाई जायचं मला." त्या उठल्या, बेबीनंदाकडून डबा घेतला आणि जपून एकेक पायरी उतरून गेल्या.

त्या संध्याकाळी घरी झुंबरबाईंनी भाकरी थापल्या, पिठलं केलं. मच्छिंद्र जेवायला बसला. त्याला वाटलं, खेळ पुसून टाकावा. उद्याच सगळ्या कॉम्प्युटरवरून काढून टाकावा. तो तसं म्हणणार तेवढ्यात झुंबरबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "वाचव त्याला."

"कुणाला?"

"त्या खेळातल्याला. लोकायला वाटून राह्यलं का वाचावा, तर वाचव की."

"आई, ते खोटं होईल."

"आन् राक्षस खरे हायेत? घुबड बोलतं ते खरं हाय?"

मच्छिंद्रनं घास खाली ठेवला. म्हणाला, "मी बसलो व्हतो तसं लिव्हायला. आधीच बसलो व्हतो. ताप उतरला इथपर्यंत येतं. पुढं काय बोलंल तो, हे सुचत न्हाई. तेवढ्यापर्यंतचाच ठाऊक हाय मला तो."

झुंबरबाईंनी भाकरी त्याच्या ताटात टाकली.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "रोज बोलते मी त्याच्याशी. ताप उतरल्यावर पहिलं काय म्हणंल? कढी दे म्हणंल. आंबट नको, म्हणंल. आन् मला एकट्यालाच टाकून कुठं गेल्ता, असं तुलाच उलटून विचारील."

मच्छिंद्रला हसू आलं, आणि ते आवरता आवरता डोळे भरून आले. झुंबरबाईंनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि चुलीकडे तोंड करून बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची बॅच सुटली की झुंबरबाई क्लासवर येऊ लागल्या. मच्छिंद्र टाइप करायचा, त्या सांगायच्या. लाइट गेली की दोघं अंधूक खोलीत नुसतेच बोलत बसायचे. बद्रीनं लहानपणी राजूरच्या गणपतीला नेलेला नारळ वाटेतच फोडून खाल्ला होता, ते निघालं. त्यानं पहिल्या कमाईतून आईला आणलेलं लुगडं निघालं. ते इतकं भडक होतं की त्या नेसून दारात जायला लाजायच्या. कधी दोघांचं जमायचं नाही. "असं न्हाई बोलायचा तो," झुंबरबाई म्हणायच्या. "तू शाळामास्तरासारखं लिव्हतो." मच्छिंद्र खोडून पुन्हा लिहायचा.

वाचवायचा रस्ता त्यानं सोपा ठेवला नाही. हैबतीला वाचवायचं तर जासुदाला जादूगारणीच्या झोपडीत थांबून राहावं लागायचं. पर्याय एकच असायचा: 'उशाशी बसा.' तेच पुन्हा पुन्हा दाबायचं. इकडे खलिता उशिरा पोचायचा, सरदारकी दुसऱ्याला जायची, काळदुर्गाचे तीन दरवाजे राक्षस फोडायचे. उरलेले चार तेवढे हातात राहायचे. बेबीनंदा हे वाचून म्हणाली, "असं असेल तर चालेल, सर. आता निवडायला काहीतरी आहे."

नवा खेळ आला तेव्हा टपरीवर पुन्हा भांडणं झाली. काही पोरं म्हणाली, सरदारकी जाते तर परवडत नाही. ती हैबतीला सोडून पूर्वीसारखीच गडावर पोचली. शाळेतल्या बाई गडाचे दरवाजे पडतात म्हणून हळहळल्या, पण बसून राहिल्या. वायरमन पहिल्यांदाच शेकोटीच्या पुढे गेला. हैबती डोळे उघडून कढी मागतो तिथं पोचल्यावर त्यानं खाली जाऊन सगळ्यांना चहा सांगितला.

अण्णासाहेब शुक्रवारी आले. त्यांना कोर्टात एका मोठ्या तारखेला थांबावं लागलं होतं, त्यामुळे नव्या खेळाचं त्यांना सगळ्यांच्या मागून कळलं. त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या. झुंबरबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. आज त्या नुसत्याच आल्या होत्या. अण्णासाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. 'उशाशी बसा.' दाबलं. 'उशाशी बसा.' पुन्हा दाबलं. कपाळावर आठ्या. बाहेर कोर्टाची वेळ होऊन गेली असावी. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा दाबलं.

मग ते एकदम मोठ्यानं हसले. सगळा क्लास वळून बघू लागला.

"आंबट नको म्हणतो! मरता मरता वाचला अन् कढी आंबट नको म्हणतो!" त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "सर, हे तुमचं लिहिणं न्हाई. कुणी लिव्हलं?"

मच्छिंद्रनं दाराकडे पाहिलं. "आईनं."

अण्णासाहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "मावशी, तुम्ही?"

"माझं कुठलं," झुंबरबाई म्हणाल्या. "त्याचंच हाय. बद्रीनाथ नाव त्याचं. माझा धाकटा."

 अण्णासाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मच्छिंद्रकडे पाहिलं. बहुधा त्यांना कळलं. स्टँडसमोरच्या त्या जीपमध्ये तेही कधीतरी बसले असतील. त्यांनी हळूच बाजूची खुर्ची ओढली. "इकडं बसा, मावशी. पुढं काय करू ते सांगा."

झुंबरबाई येऊन बसल्या. पडद्यावर काळदुर्गाच्या चौथ्या दरवाजापाशी हैबती उभा होता. लढाई थांबली होती. तो म्हणत होता, "भाऊ, सासुरवाडी मिळाली एकदाची. हळदीला येशील का, का तुला अजून जल्दी हाय?" खाली दोन बटणं होती: 'येतो' आणि 'निघतो'.

अण्णासाहेबांचा हात माउसवर थांबला.

"येतो म्हणावं," झुंबरबाई म्हणाल्या. "आन् सगळ्यायला घेऊन या. जेवल्याशिवाय कुणी जायचं न्हाई."

अण्णासाहेबांनी 'येतो' दाबलं. झुंबरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.