दुसऱ्या बादलीचं गार पाणी

मी या घराचा गीझर. न्हाणीघराच्या दारावर भिंतीला टांगलेला, पांढरा, ढेरपोट्या. कारखान्यात पोटात पाणी भरून मला तपासलं, गळत नाही म्हणून पास केलं आणि खोक्यात घातलं. बालपण म्हणावं तर तेवढंच.

मला या घरात आणलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. त्याची थोरली बहीण रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली. दोघंही एकटी. "ताईच्या गुडघ्यांना कढत पाणी लागतं," असं त्याने दुकानदाराला सांगितलेलं मी ऐकलं होतं. आता ती त्र्याहत्तरची आहे आणि तो अडुसष्टचा, तरी ती त्याला 'छोटू' म्हणते आणि तो ओ देतो.

बारा वर्षं माझ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सहाला ताई, सव्वासहाला तो. न्हाणीघरात माणसं मोकळी होतात. ताई जुन्या औषधांची नावं पुटपुटायची, तो शीळ घालायचा.

मग एका थंडीत त्याची शीळ मध्येच तुटायला लागली. अंगभर साबण, डोळे मिटलेले आणि नळाला गारठा.

"ताई, सगळं पाणी संपवलंस?"

"एकच बादली घेतली रे."

"बादली की विहीर?"

पहिल्यांदा दोघंही हसली. आठवड्याने कुणी हसेना.

एक मेकॅनिक आला, त्याने कॉइल बदलली. दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला आणि "आता वाफा निघतील बघा" म्हणून छातीठोकपणे सांगून गेला. दोष भलतीकडेच होता. गरम पाणी माझ्या पोटात वर जमतं. ते तिथून उचलून नळाला पोचवणारी एक उभी नळी आत असते. तीच बुडाशी चिरली होती. पहिली बादली निघाली, की तिच्या जागी आलेलं गार पाणी त्या चिरेतून थेट नळाला जायचं. वरचं गरम पाणी वरच राहायचं. मला हे ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

तो दाराबाहेर घड्याळ घेऊन उभा राहू लागला. "सात मिनिटं झाली, ताई!"

एकदा तो आधी गेला. त्याला छान कढत पाणी मिळालं. मागून ताई गेली आणि कुडकुडत बाहेर आली.

"छोटू, आज मला गार आलं."

"वा! सूड उगवतेस?"

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"लहानपणापासून तुझं हेच. आधी तू, उरलंसुरलं मला. आईच्या उशाशी रात्रंदिवस मी बसलो, आणि शेवटी तिने नाव घेतलं ते तुझं!"

ताईचा केस पुसणारा हात थांबला.  दुपारी एका पिशवीत कपडे भरून ती मैत्रिणीकडे निघाली.

"आता तुला पाणी पुरेल," दारातून म्हणाली.

खरंच पुरलं. एक माणूस, एक बादली. चार दिवस तो मान ताठ करून न्हाला. पाचव्या दिवशी स्वेटर धुवायला त्याने दुसरी बादली लावली. पाणी गार. घरात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. बादलीत हात तसाच ठेवून तो बराच वेळ उभा राहिला.

तिसरा मेकॅनिक कमी बोलणारा होता. त्याने मला रिकामं केलं, उघडलं आणि नळी ओढून काढून घड्याळवाल्याच्या हातावर ठेवली.

"ही बघा चीर. घरात एक असो नाहीतर दहा, दुसरी बादली गारच येणार."

"म्हणजे ताईने..."

"ताई कोण?"

 नवी नळी बसवून मेकॅनिक गेल्यावर त्याने फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्याचा फोन सगळं घर ऐकतं.

"ताई, नळी चिरली होती. गीझरची."

"बरं."

"आणि आईबद्दल मी जे बोललो..."

"ते गीझरमुळे नव्हतं, छोटू."

"नाही. ते माझंच होतं. खूप वर्षांचं."

 मग ती म्हणाली, "येईन. लगेच नाही."

ती तीन आठवड्यांनी आली. तोवर तो रोज दोन बादल्या भरायचा आणि दुसरीत हात घालून बघायचा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई न्हाणीघरात वीस मिनिटं होती. तो स्वयंपाकघरात चहा उकळत ठेवून गप्प बसला होता. आईचा विषय पुन्हा निघाला, नाही असं नाही. पण आता तो जेवणाच्या टेबलाशी निघतो, आणि कुणी उठून जात नाही.

माझ्या टाकीला गंज चढलाय. मेकॅनिक म्हणाला, फार तर हा हिवाळा. त्याबद्दल माझी कुरकुर नाही. माझ्या जागी दुसरा येईल, तोही कधीतरी बिघडेल. त्या दिवशी एकमेकांना बोल लावण्याआधी त्याला उघडून बघा. आमच्यात नवी नळी बसवता येते.