टायमिंग चेनची टकटक

माझ्या सासऱ्यांनी सांगलीत तीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त केल्या. ते जर्मनीत बॉबलिंगेनला आमच्याकडे आले आणि आठवडाभरात त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. किचन ते बाल्कनी, बाल्कनी ते किचन. त्या येरझाऱ्यांनी माझंच डोकं फिरायला लागलं.

खालच्या मजल्यावरचे ब्रेनर रोज सकाळी सातला आपली सत्तरच्या दशकातली जपानी चार-स्ट्रोक मोटरसायकल सुरू करायचे आणि लगेच निघायचे. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, असा इथला नियम.

"अगं नीलिमा, इंजिनातली टायमिंग चेन वाजतेय," बाबा म्हणाले. "पहिल्या चार-स्ट्रोक आल्या तेव्हा ह्याच दुखण्यानं आम्हाला रडवलं होतं. तेल वर पोचायच्या आत पळवतात. एक दिवस चेन तुटेल आणि इंजिन चालत्या गाडीत जॅम होईल. सांग त्यांना."

"बाबा, इथे न विचारता कोणी सल्ला देत नाही. आणि गाडी आत्ताच गॅरेजमधून तपासून आणलीय त्यांनी. कशाला नसती उठाठेव?"

खरं म्हणजे मला लाज वाटत होती. आमच्या सासऱ्यांना तुमच्या इंजिनचा आवाज आवडला नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तीन आठवडे बाबा रोज तेच म्हणत होते आणि मीही तेच. मग त्यांनी बोलणंच सोडलं. जेवताना प्रतापला, माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हणाले, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

शनिवारी ब्रेनर बायकोला मागे बसवून आल्प्सकडे निघाले. गाडी सुरू झाली आणि ती टकटक मलाही ऐकू आली. घरातल्या चपलांनिशी मी जिना उतरले, "थांबा, थांबा" ओरडत. मागून बाबा, हातात स्क्रूड्रायव्हर.

बाबांनी त्याचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ ब्रेनरांच्या कानाला लावली. ब्रेनर बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि बायकोला खाली उतरायला सांगितलं.

"ह्यांना हे कधीपासून ऐकू येतंय?" त्यांनी मला जर्मनमध्ये विचारलं.

"तीन आठवड्यांपासून."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, जसंच्या तसं.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवला. "सांग, म्हातारा सांगायचं विसरला म्हणून."

तीन आठवड्यांत त्यांचं एकही वाक्य मी जर्मनमध्ये सांगितलं नव्हतं. हे पहिलंच होतं, आणि तेही माझ्या तोंडून निघेना.